शहराच्या ऊर्जा आराखड्याचे मॉडेल शहराच्याच ताब्यात राहू द्या : महाराष्ट्रातील महानगरपालिका आणि नगरपरिषदांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त, मा. मुख्याधिकारी, तसेच विद्युत, पाणीपुरवठा, परिवहन, लेखा आणि पर्यावरण विभागांचे प्रमुख,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका व नगरपरिषदा

विषय : कमी उत्सर्जनाचा ऊर्जा आराखडा करण्याची सॉफ्टवेअरे, त्यांत भरायचे आकडे आणि निविदेतील अटी

महोदय, महोदया,

राज्यात आज २९ महानगरपालिका आहेत. २०२० मध्ये माझी वसुंधरा अभियान सुरू झाले, मार्च २०२२ मध्ये मुंबईने २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट असलेला हवामान कृती आराखडा जाहीर केला, आणि त्यानंतर बरीच शहरे असा आराखडा करून घेत आहेत किंवा निविदेच्या तयारीत आहेत. ही चांगली गोष्ट आहे. काळजी वाटते ती निविदेतल्या एका ओळीची : 'सल्लागाराने अंतिम अहवाल सादर करावा.' त्या ओळीप्रमाणे शहराला दोनशे पानांचा पीडीएफ मिळतो. त्यातले आकडे ज्या संगणकीय मॉडेलमधून निघाले, ते मॉडेल सल्लागाराच्या संगणकात राहते. पुढे हद्दवाढ होते, वीजदर बदलतात, ताफ्यात पन्नास बस नव्या येतात आणि अहवालातला प्रत्येक तक्ता शिळा होतो. तो ताजा करायचा तर पुन्हा निविदा, पुन्हा आकडे गोळा करणे, पुन्हा वर्षभराची वाट.

आमची विनंती अशी की मॉडेल, त्याच्या इनपुट फायली आणि गृहीतकांची नोंदवही शहराच्या मालकीची असावी, आणि ते मॉडेल स्वतः चालवू शकतील असे किमान दोन अभियंते आपल्या आस्थापनेवर तयार व्हावेत. हे सर्वसाधारण संगणकावर होण्यासारखे काम आहे. त्यासाठी काय लागते आणि ते कुठे फसते, हे पुढे लिहिले आहे.

आधी सॉफ्टवेअरबद्दल. बैठकीत पहिला प्रश्न 'सगळ्यात चांगले सॉफ्टवेअर कोणते' हाच निघतो, पण निवड प्रश्नावरून ठरते. संपूर्ण शहर, सगळी इंधने आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे असा आवाका असेल तर स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटचे 'लीप' पुरते. भारतासारख्या निम्न-मध्यम उत्पन्न गटातल्या देशांत सरकारी संस्थांना, ना-नफा संस्थांना आणि विद्यापीठांना त्याचा परवाना विनामूल्य मिळतो. खासगी सल्लागाराला तो विकत घ्यावा लागतो, म्हणून परवाना पहिल्या दिवसापासून महापालिकेच्या नावाने घ्या. त्याला मुदत असते. नूतनीकरणाची तारीख एखाद्या अधिकाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर न ठेवता विभागाच्या ईमेलवर ठेवा, म्हणजे बदली झाली तरी अडचण येत नाही.

तासागणिक पुरवठा आणि साठवणूक पाहायची असेल तर डेन्मार्कच्या आल्बोर्ग विद्यापीठाचे 'एनर्जीप्लॅन' विनामूल्य आहे. पायथॉन ही संगणकभाषा येणारा माणूस हाताशी असेल तर 'पायप्सा' आणि 'ओसेमोसिस' ही मुक्त स्रोत साधने आहेत, आणि त्यांची गणिते सोडवायला 'हाय्स' किंवा 'जीएलपीके' हे मुक्त सॉल्व्हर पुरतात. एकाच इमारतीवरच्या किंवा एकाच जागेवरच्या सौर प्रकल्पासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचे 'सॅम' विनामूल्य मिळते. 'होमर' सूक्ष्मजालांसाठी (छोट्या स्थानिक वीजजाळ्यांसाठी) चांगले आहे, पण पैसे भरावे लागतात, आणि जालाला, म्हणजे विजेच्या ग्रिडला, जोडलेल्या शहराला त्याची गरज क्वचितच पडते. राज्यात नवी वीजनिर्मिती केंद्रे कुठे आणि किती उभारावीत हा निर्णय महापालिकेचा नाही. त्यामुळे तो प्रश्न सोडवणारे भारी ऑप्टिमायझेशन शहराच्या आराखड्यात घालण्यात वेळ दवडू नये. लीपमध्ये मागणी नीट बसवा, आणि संध्याकाळच्या भाराचा प्रश्न आला तेवढ्यापुरते तासांचे साधन वापरा. बहुतेक शहरांना एवढे पुरते.

लीपची रचना झाडासारखी असते. एका फांदीवर घरे, दुसरीवर दुकाने-कार्यालये, तिसरीवर उद्योग, चौथीवर वाहतूक, पाचवीवर महापालिकेच्या सेवा. प्रत्येक टोकाला दोन आकडे भरायचे : कृती किती आणि दर कृतीमागे ऊर्जा किती. म्हणजे किती कुटुंबे आणि दर कुटुंबामागे किती युनिट, किती किलोमीटर आणि दर किलोमीटरला किती डिझेल. आधारवर्षाचे आकडे 'करंट अकाउंट्स' या भागात बसतात, त्यावर 'आहे तसे चालू' हा मूळ प्रसंग (म्हणजे भविष्याचे एक गृहीत चित्र) उभा राहतो आणि त्याच्या पोटात धोरणांचे प्रसंग. पोटातला प्रसंग मूळ प्रसंगाकडून सूत्रे वारशाने घेतो. इथेच एक चूक वारंवार होते. पोटातल्या प्रसंगात एखादा आकडा एकदा हाताने बदलला की ती फांदी वारशातून तुटते. नंतर मूळ प्रसंगात लोकसंख्यावाढ सुधारली तरी त्या फांदीवर जुनाच आकडा राहतो, आणि दोन प्रसंगांतली तफावत धोरणामुळे पडलेली 'बचत' म्हणून अहवालात छापली जाते. त्यामुळे हाताने बदललेल्या प्रत्येक फांदीच्या टीप-चौकटीत कारण, तारीख आणि आकड्याचा उगम लिहिलेला असलाच पाहिजे. टीप रिकामी असलेली फांदी स्वीकारू नका.

आता आकडे. हे काम कंटाळवाणे आहे आणि आराखड्याचा खरा जीव यातच आहे.

महापालिकेच्या स्वतःच्या वापरासाठी लेखा विभागाकडची वीजबिले हा सर्वांत विश्वासार्ह स्रोत. महावितरणच्या क्षेत्रात प्रत्येक जोडणीचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, मंजूर भार, दरवर्गवारी आणि किमान छत्तीस महिन्यांचे युनिट एका तक्त्यात आणा. मुंबईत एकाहून अधिक परवानाधारक वीज देतात, तिथे प्रत्येकाकडून वेगळा तक्ता मागवावा लागतो. तक्ता आला की तीन सापळे तपासा. पहिला : उच्चदाब ग्राहकांची आकारणी १ एप्रिल २०२० पासून केव्हीएएच (किलोव्होल्ट-अँपिअर-तास) एककात होते. पॉवर फॅक्टर, म्हणजे त्यातल्या उपयोगी विजेचे प्रमाण, ०.९० असेल तर १,००० केव्हीएएच म्हणजे ९०० युनिट. बिलावरचा आकारणीचा आकडा तसाच युनिट म्हणून उचलला तर पंपिंगचा वापर सुमारे अकरा टक्के फुगतो. दुसरा : मीटर बंद असेल तर सरासरीने बिल येते. सलग चार महिने हुबेहूब तोच आकडा दिसला की ते खरे वाचन नव्हे, हे धरून चाला. तिसरा : बिलाचा महिना आणि दिनदर्शिकेचा महिना जुळत नाहीत. पावसाळा आणि उन्हाळा वेगळे दाखवायचे असतील तर वाचनाच्या तारखांवरून दिवस मोजून वाटणी करावी लागते.

वाहनांच्या बाबतीत परिवहन नोंदणीचा एकूण आकडा वापरण्याचा मोह टाळा. तो आजवर नोंदलेल्या वाहनांचा असतो, त्यात वीस वर्षांपूर्वी भंगारात गेलेली स्कूटरही उभी असते. लीपमध्ये वाहनसाठ्याची पद्धत आहे : दरवर्षीची नवी नोंदणी द्या, किती वर्षांनी किती टक्के गाड्या रस्त्यावर उरतात याचा आलेख द्या, साठा ते स्वतः काढते. पेट्रोल पंपांवरच्या विक्रीचा आकडा पडताळणीसाठी ठेवा, पण महामार्गालगतच्या पंपांवर भरलेले डिझेल बहुतांशी शहराबाहेर जळते, हे लक्षात असू द्या. स्वयंपाकाच्या गॅसचा हिशेब सोपा आहे : घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा, एक किलो एलपीजी जळला की साधारण ३ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे एका सिलिंडरमागे ४२ किलो. मात्र जोडण्यांची संख्या आणि भरून नेलेल्या सिलिंडरांची संख्या यांत मोठे अंतर असते. आकडा भरणीचाच घ्या.

औष्णिक केंद्रांच्या शहरांसाठी एक गोष्ट आवर्जून. चंद्रपूरचे महाऔष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. त्याचा कोळसा शहराच्या एकूण उत्सर्जनात टाकला आणि शहराने वापरलेल्या विजेचे उत्सर्जनही टाकले, तर काही भाग दोनदा मोजला जातो, आणि बाकीचा आकडा इतका मोठा होतो की नगरसेवकांना आपल्या हातातले काहीच महत्त्वाचे वाटेनासे होते. शहरी उत्सर्जन मोजण्याच्या जागतिक संकेतात जालाला वीज देणाऱ्या केंद्राचे उत्सर्जन वेगळे नोंदवायला सांगितले आहे, मूळ बेरजेत धरायला नाही. कोराडी, परळी, भुसावळ, नाशिक यांनाही हेच लागू. राखेचा आणि धुराचा त्रास खरा आहे. त्याची जागा हवेच्या गुणवत्तेच्या प्रकरणात आहे, तिथे तो पूर्ण ताकदीने मांडा.

आधारवर्ष भरून झाले की पुढे जाण्याआधी थांबून मॉडेल ताळ्यावर आहे का ते पाहा. सगळ्या फांद्यांची वीज मिळून जी बेरीज येते, ती वीज कंपनीच्या त्या शहरातल्या विक्रीशी दोन-तीन टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. जुळत नसेल तर घरांचा दरमहा वापर ओढूनताणून बदलू नका. आधी वर्गवाऱ्या तपासा, कारण बहुतेक वेळा एखादी औद्योगिक वीजवाहिनी हद्दीच्या आत की बाहेर, हाच घोळ असतो.

पाणी हा या पत्रातला सर्वांत मोठा भाग आहे. बहुतेक महापालिकांच्या वीजबिलात पाणीउपशाचा वाटा सर्वांत जड असतो, आणि तो पूर्णपणे आपल्या हातात आहे. पंपगृहाचे मॉडेल साध्या भौतिकशास्त्रावर उभे राहते. दहा लाख लिटर पाणी एक मीटर वर चढवायला कमीत कमी २.७ युनिट लागतात. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता ६५ टक्के धरली तर ४.२ युनिट. दररोज १०० दशलक्ष लिटर पाणी एकूण ८० मीटर दाबउंचीने (प्रत्यक्ष चढ आणि नळातले घर्षण मिळून) चढवणाऱ्या केंद्राला रोज सुमारे ३३,५०० युनिट लागायला हवेत. बिलात ४०,००० दिसत असतील तर कार्यक्षमता ५५ टक्क्यांच्या आसपास उतरली आहे : इंपेलर (पंपाचे फिरते चाक) झिजला आहे, किंवा पंप ज्या प्रवाह-दाबासाठी बनवला त्यापासून दूर चालतो आहे, किंवा झडप अर्धी बंद ठेवून प्रवाह दाबला जातो आहे. ५५ वरून ७० टक्क्यांवर आणले तर रोज साधारण ८,५०० युनिट, वर्षाला सुमारे ३१ लाख युनिट वाचतात. एवढी वीज छतावरच्या सौर पॅनेलांतून मिळवायची तर दोन मेगावॉटहून जास्त क्षमता आणि वीस हजार चौरस मीटरच्या वर मोकळी, सावली नसलेली गच्ची लागेल. मॉडेलमध्ये 'पाणीपुरवठा : अमुक लाख युनिट' अशी एकच ओळ असेल तर ही तुलना दिसतच नाही. म्हणून प्रत्येक पंपगृहाची वेगळी फांदी करा आणि तिच्याखाली पाण्याचे प्रमाण, दाबउंची आणि कार्यक्षमता असे तीन आकडे ठेवा. गळती कमी झाली तर पहिला आकडा बदलतो, पंप बदलला तर तिसरा. दोन्ही कामांचे श्रेय वेगवेगळे मोजता येते.

याच ठिकाणी आणखी एक मोहक कल्पना येते : सौर तासांत सगळे पाणी उपसा, उंच टाक्यांत साठवा, संध्याकाळी पंप बंद ठेवा. दिवसा वीज स्वस्त ठेवण्याकडे दररचनेचा कल असल्यामुळे ही कल्पना पैशाच्या दृष्टीनेही आकर्षक आहे, आणि काही प्रमाणात ती जरूर करावी. पण मॉडेलमध्ये पंपिंग हा 'कुठल्याही तासाला सरकवता येणारा भार' असा भरला की उत्तर चुकते. २२ तासांत जाणारे पाणी १४ तासांत पाठवायचे तर प्रवाह १.५७ पट होतो, आणि नळातले घर्षण प्रवाहाच्या १.८५ व्या घाताने वाढते, म्हणजे जवळपास २.३ पट. ८० मीटरपैकी २० मीटर घर्षणाचे असतील तर ते ४६ मीटर होतात आणि एकूण उंची १०६. दर लिटरमागे वीज एक तृतीयांशाने वाढली! वर पंप मोठे लागले, मंजूर भार वाढला, जलशुद्धीकरण केंद्राची तासाची क्षमता अपुरी पडली. जिथे मुख्य जलवाहिनी प्रशस्त आहे आणि घर्षणाचा वाटा कमी आहे तिथे सरकवणे फायद्याचे ठरते. जिथे वाहिनी जुनी आणि तंग आहे तिथे तोट्याचे. म्हणून प्रत्येक वाहिनीसाठी स्थिर उंची आणि घर्षण-उंची वेगळी नोंदवा. पंप बंद असताना दाबमापकावर दिसतो तो आकडा, आणि पंप पूर्ण प्रवाहावर असताना दिसतो तो आकडा, यांतला फरक बहुतांशी घर्षणाचा. दोन्ही वाचने एका सकाळी घेता येतात.

छतावरच्या सौर विजेचा भाग थोडक्यात. महाराष्ट्रात स्थिर मांडणीच्या एक किलोवॉट पॅनेलमधून वर्षाला साधारण १,४०० ते १,५०० युनिट मिळतात आणि जागा सुमारे दहा चौरस मीटर लागते. मॉडेल १,९०० दाखवत असेल तर धूळ, उष्णता, इन्व्हर्टर किंवा पावसाळा यांपैकी काहीतरी सुटले आहे. उपग्रह-चित्रावरून मोजलेले छताचे क्षेत्रफळ म्हणजे वापरता येणारे क्षेत्रफळ नव्हे. त्यातून पाण्याच्या टाक्या, जिन्याची खोली, शेजारच्या इमारतीची सावली आणि पॅनेलांचे वजन न पेलणारे पत्रे वजा करायला हवेत. ही वजाबाकी अंदाजाने न करता प्रत्येक प्रभागातल्या वीस-पंचवीस इमारती प्रत्यक्ष पाहून करा.

खरी मेख तासांची आहे. वर्षाची बेरीज जुळली म्हणजे शहर 'सौर' झाले असे अहवाल सांगतात. पथदिवे वर्षाला सुमारे ४,३०० तास जळतात आणि ते सगळे तास रात्रीचे. त्यांची वीज दुपारच्या पॅनेलांनी 'भरून काढली' असे लिहिणे बिलापुरते बरोबर असेल, पण रात्री आठ वाजता ती वीज कोळशातून किंवा धरणातून येते. मॉडेलने हे दाखवले पाहिजे. त्यासाठी ८,७६० तास चालवायलाच हवेत असे नाही. मार्च ते मे, जून ते सप्टेंबर, ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि डिसेंबर ते फेब्रुवारी असे चार ऋतू, प्रत्येकाचा २४ तासांचा एक दिवस, मिळून ९६ कालखंड एवढ्यात लीपसुद्धा चांगले उत्तर देते. फक्त सरासरी दिवसांत टोके बुजतात. त्यामुळे जुलैतला सलग ढगाळ आठवडा आणि एप्रिल-मेमधला सर्वाधिक मागणीचा आठवडा हे दोन स्वतंत्रपणे चालवून पाहा.

तासांचा डेटा भरताना होणारी एक चूक अशी आहे की ती नुसत्या डोळ्यांना सुंदर दिसते. जागतिक संकेतस्थळांवरून मिळणारा सूर्यप्रकाशाचा तासवार डेटा बहुधा ग्रीनिच वेळेत असतो. तो साडेपाच तास न सरकवता भरला तर पुण्यातला मध्यान्हीचा सूर्य मॉडेलमध्ये सकाळी सातला तळपतो, बरोबर गीझर आणि पाणीउपशाच्या वेळी. सौर वीज आणि मागणी झकास जुळतात, बॅटरीची गरज घटते, आणि अहवालात आनंदाची बातमी छापली जाते. तपासणी दोन मिनिटांची आहे : कुठल्याही महिन्याचा सरासरी दिवस काढा, सौर निर्मितीचे टोक साडेबाराच्या आसपास आले पाहिजे. अर्ध्या तासाची अडचण सोडवायला पाच तास आणि सहा तास सरकवलेल्या दोन आकड्यांची सरासरी चालते. एनर्जीप्लॅन वापरत असाल तर त्याला ३६६ दिवसांच्या वर्षाचे ८,७८४ तास लागतात. ८,७६० ओळींची फाइल देऊ नका.

पायप्सा किंवा ओसेमोसिस वापरणाऱ्या सल्लागाराला तीन गोष्टी विचारा. बॅटरीची पातळी वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी सारखी राहील अशी अट घातली आहे का? नसेल, आणि सुरुवातीला बॅटरी भरलेली धरली असेल, तर मॉडेल रिकाम्या बॅटरीने शेवट करते आणि तेवढी वीज फुकट मिळाल्यासारखी दाखवते. आज अस्तित्वात असलेली क्षमता आणि तिचे उरलेले आयुष्य भरले आहे का? ओसेमोसिसमध्ये ती शून्य राहिली तर मॉडेल पहिल्याच वर्षी सगळे नव्याने बांधते. तिसरे एककांचे : ओसेमोसिसमध्ये क्षमता गिगावॉटमध्ये आणि ऊर्जा पेटाज्यूलमध्ये असेल तर त्यांना जोडणारा गुणक ३१.५३६ असतो. तिथे १ राहिला तर तीसपट क्षमता उभारली जाते, आणि खर्चाचे सगळे तक्ते निरर्थक होतात.

आता विजेच्या उत्सर्जन-गुणांकाकडे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या माहितीनुसार अलीकडच्या वर्षांत देशाच्या जालाचा सरासरी गुणांक दर युनिटला सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. हा आकडा वीजकेंद्राच्या दारातला आहे. शहरातल्या मीटरवर मोजलेल्या युनिटाला तो लावायचा तर पारेषण आणि वितरणातली गळती मिळवावी लागते. गळती १५ टक्के असेल तर मीटरवरच्या एका युनिटामागे ०.८५ किलो पडतात. आणि हा गुणांक २०५० पर्यंत गोठवून ठेवणे जितके चूक, तितकेच तो झपाट्याने उतरेल असे धरणे धोक्याचे. २०२३ च्या राष्ट्रीय विद्युत आराखड्यात २०२६-२७ साठी ०.५४८ आणि २०३१-३२ साठी ०.४३० असे अंदाज आहेत. आजच्या आकड्यापासून ती उतरण किती तीव्र आहे ते आपणच पाहा. तीन प्रसंग ठेवा : आजचाच गुणांक, राष्ट्रीय आराखड्याचा, आणि त्याच उतरणीवर पाच-सात वर्षे उशिराने जाणारा. तिन्हींत फायद्याचे ठरणारे काम आधी हाती घ्या. पंप, गळती, पथदिव्यांचे एलईडी हे तिन्हींत टिकते.

विजेवरच्या बसचे उत्तर मात्र याच गुणांकावर फिरते, आणि परिवहन विभागाने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत. बारा मीटरची वातानुकूलित बस किलोमीटरला १.२ युनिट खाते असे धरू. दिवसाला २०० किलोमीटर, चार्जिंगमधली दहा टक्के तूट धरून २६४ युनिट. ०.७२ ने गुणले तर १९० किलो. तशीच डिझेल बस लिटरला तीन किलोमीटर देत असेल तर ६७ लिटर, लिटरला २.६८ किलो, म्हणजे १७९ किलो. डिझेल तेलविहिरीपासून पंपापर्यंत येतानाचे उत्सर्जन मिळवले तर डिझेलचे पारडे जड होते, विजेची गळती मिळवली तर विजेचे. आजच्या जालावर हिशेब जवळपास बरोबरीचा आहे, आणि रस्त्यावरचा धूर थांबतो हा फायदा आजच पदरात पडतो. ०.४३० च्या जालावर तीच बस ११४ किलोवर येते. म्हणजे बस घ्याव्यात, आणि त्यांचे चार्जिंग जास्तीत जास्त दुपारच्या तासांत बसवावे. शंभर बसचे २६,००० युनिट रात्री पाच तासांत भरायचे तर आगाराला सव्वापाच मेगावॉटची जोडणी लागते. दुपारच्या फेऱ्यांमधल्या विसाव्यात चाळीस टक्के भरले तर रात्रीचा भार तीन मेगावॉटच्या आसपास येतो. उपकेंद्राचा, रोहित्रांचा आणि वाहिनीचा खर्च याच आकड्यावर ठरतो, म्हणून वेळापत्रक करणारा माणूस आणि मॉडेल चालवणारा माणूस एका टेबलावर बसले पाहिजेत.

खर्चाच्या बाजूने एकच सूचना. सूट-दर (पुढच्या वर्षांतले पैसे आजच्या किमतीत आणण्याचा दर) काय धरला हे अहवालाच्या पहिल्या पानावर हवे. पॅनेलांचे आयुष्य २५ वर्षे आणि बॅटरीचे दहा-बारा, त्यामुळे २५ वर्षांच्या हिशेबात बॅटरी किमान एकदा बदलण्याचा खर्च दिसायलाच हवा. मॉडेल ज्या वर्षी संपते त्या वर्षाच्या तोंडावर ते नवी गुंतवणूक टाळते, कारण तिचा फायदा पुढे जातो. उत्तर २०५० पर्यंतचे हवे असेल तर मॉडेल २०६० पर्यंत चालवा आणि शेवटची दहा वर्षे छापू नका.

निविदेत घालण्यासाठी कलमांचा मसुदा खाली देत आहोत. तो जसाच्या तसा वापरावा.

१. संपूर्ण मॉडेल मूळ फाइल स्वरूपात, सर्व प्रसंगांसह, महापालिकेच्या नावे असलेल्या परवान्यावर उघडेल अशा स्थितीत द्यावे. पायथॉन किंवा तत्सम संगणक-संकेतावर (कोडवर) आधारित मॉडेल असल्यास संपूर्ण संकेत, लागणाऱ्या पॅकेजांची आवृत्तीसह यादी आणि मुक्त सॉल्व्हरवर चालवून दाखवलेले निकाल द्यावेत.

२. सर्व इनपुट साध्या मजकुरी तक्त्यांत द्यावेत. प्रत्येक स्तंभाचे एकक, कालावधी आणि उगम लिहिलेला असावा. ग्राहकांची नावे व क्रमांक प्रकाशित प्रतीतून वगळावेत.

३. गृहीतकांची नोंदवही मराठीत असावी. प्रत्येक गृहीतकापुढे किमान, अपेक्षित आणि कमाल असे तीन आकडे, आणि कमाल-किमान धरल्यावर अंतिम उत्तर किती हलते तेही द्यावे.

४. आधारवर्षाची वीजबेरीज आणि वीज कंपनीची विक्री यांचा ताळमेळ वेगळ्या तक्त्यात दाखवावा. तफावत तीन टक्क्यांहून जास्त असल्यास पुढचा टप्पा सुरू करू नये.

५. महापालिकेच्या किमान दोन अभियंत्यांना काम सुरू झाल्यापासून सोबत घ्यावे. मॉडेलची निदान एक फांदी, शक्यतो पाणीपुरवठ्याची, त्यांनी स्वतः उभारावी.

६. मॉडेल आणि प्रकाशनयोग्य इनपुट महापालिकेच्या संकेतस्थळावर अहवालाबरोबरच टाकावेत, म्हणजे स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालये आणि नागरिक ते चालवून चुका दाखवू शकतील.

७. देयकाचा शेवटचा ३० टक्के हप्ता हस्तांतरण चाचणीनंतर द्यावा. ही चाचणी महापालिकेच्या कार्यालयात, महापालिकेच्या संगणकावर, कनिष्ठ अभियंत्याने घ्यावी. एका पंपगृहाची कार्यक्षमता ५५ वरून ७० टक्के करावी, विजेचा गुणांक दुसऱ्या प्रसंगाचा निवडावा, मॉडेल पुन्हा चालवावे आणि आलेले उत्तर सल्लागाराने आधी बंद लिफाफ्यात दिलेल्या उत्तराशी ताडून पाहावे. सल्लागाराच्या माणसाने या वेळी खोलीत बसावे, पण कीबोर्डला हात लावू नये.

पाणीपुरवठा विभागाची छत्तीस महिन्यांची बिले आणि प्रत्येक पंपगृहाची दोन दाबवाचने एवढे साहित्य निविदा निघण्याआधीच जमवायला घेतले, तर सल्लागार येईल त्या दिवशी मॉडेलची सर्वांत मोठी फांदी भरायला तयार असेल.

आपले,
शहरी ऊर्जा नियोजन आणि पाणीउपसा क्षेत्रात काम करणारे अभियंते व अभ्यासक